हरलेल्या कुस्त्यांचे दफ्तर

मराठी मुलखात अशी जुनी तालीम क्वचितच आढळेल, की जिच्या भिंतीवर फेटा बांधलेल्या आणि खांद्यावर गदा पेललेल्या पैलवानांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या नाहीत. आणि त्याच तसबिरींतील पैलवान कोणत्या साली, कोणत्या मैदानात, कोणाकडून आणि कोणत्या डावावर हरले याची नोंद कोठे लिहून ठेवलेली सापडणे त्याहूनही दुर्लभ. विजयांचे दफ्तर आपण निगुतीने सांभाळले. पराभवांचे दफ्तर मुळी उघडलेच नाही. परिणाम असा झाला, की आपल्या थोर मल्लांच्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त पुढील पिढीच्या हाती पडला, तो केवळ जमेच्या रकमांचा राहिला आणि खर्चाचा रकाना कोराच राहून गेला. या पुस्तकाचा विषय तो कोरा रकाना हाच आहे. विजेत्या मल्लाच्या वाट्याला आलेले पराभव कसे आले, त्यांनी त्याचे काय हिरावून नेले आणि त्याच्या पदरात काय टाकले, याची चिकित्सा केल्यावाचून त्याच्या किताबाचा अर्थ पुरता उमगत नाही, अशी माझी दृढ धारणा आहे, आणि तिचे समर्थन करणे एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

हा विषय मांडताना मुळशी तालुक्यापासून आरंभ करण्यास दोन सबळ कारणे आहेत. पहिले कारण कुस्तीचे. पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौकाची खिंड ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड अशी गावे घेत सह्याद्रीच्या कण्याकडे जाणारा हा मावळी मुलूख भाताचा, मुसळधार पावसाचा आणि तालमींचा. ज्या मामासाहेब मोहोळांनी राज्य कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीत आपले आयुष्य वेचले आणि ज्यांच्या स्मरणार्थ महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला चांदीची गदा दिली जाते, ते याच तालुक्यातील मुठा गावचे. १९६१ साली औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून या किताबाची परंपरा अनेक गावांतून, अनेक मैदानांतून फिरत राहिली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ती मुळशीच्याच भूगावात येऊन दाखल झाली.

दुसरे कारण कुस्तीच्या बाहेरचे आहे. परंतु पराभवाचा विचार करणाऱ्याला ते टाळता येत नाही. १९२१ साली याच तालुक्यात, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनी बांधत असलेल्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. पांडुरंग महादेव बापट यांनी त्या लढ्याचे नेतृत्व पत्करले, पुनःपुन्हा तुरुंगवास सोसला, आणि तरीही धरण झाले, गावे बुडाली, सत्याग्रह हरला. तथापि ‘सेनापती’ ही पदवी बापटांना लोकांनी याच लढ्यातून दिली, आणि ती त्यांच्या नावाशी इतकी एकरूप झाली, की आज त्यांचे मूळ नाव थोड्यांनाच आठवते. जिंकलेल्या लढाईनंतर पदव्या वाटणारे दरबार इतिहासात पुष्कळ झाले. हरलेल्या लढाईतून आपल्या माणसाला सेनापती म्हणणारी प्रजा मात्र विरळा. ज्या मातीने पराभवाचे मोल इतक्या अचूकपणे ओळखले, त्या मातीवरच पैलवानाच्या पराभवांचा विचार व्हावा, हे सर्वथैव उचित आहे.

पराभवांची नोंद ठेवण्याची शिस्त पाहावयाची असेल, तर आपल्याला मुष्टियुद्धाच्या जगाकडे वळावे लागते. तेथे प्रत्येक व्यावसायिक मुष्टियोद्ध्याच्या नावापुढे त्याचे विजय आणि पराभव शेजारीशेजारी लिहिलेले असतात, आणि कितीही मोठा विजेता असला तरी त्याला दुसरा आकडा पुसून टाकण्याची मुभा नसते. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढून एकही न हरता निवृत्त झाला. मुहम्मद अली ६१ लढतींपैकी ५६ जिंकला आणि ५ हरला. केवळ आकड्यांचा निवाडा मानावयाचा, तर मार्सियानोचे स्थान निर्विवादपणे वरचे ठरेल. पण जगाने तसा निवाडा दिला नाही. आणि त्याचे एक कारण, माझ्या मते, अलीच्या त्या ५ पराभवांत दडलेले आहे.

सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर राहावे लागलेला अली ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझरसमोर उभा राहिला, आणि पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या ठोशाने खाली पडूनही उठला, लढला, आणि अखेर गुणांवर हरला. १९७३ साली केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. १९७८ साली लिऑन स्पिंक्स या नवख्या योद्ध्याने त्याचा किताब हिरावून घेतला. या तिन्ही पराभवांची परतफेड अलीने केली: नॉर्टनला त्याच वर्षी, फ्रेझरला १९७४ आणि १९७५ साली, स्पिंक्सला सात महिन्यांनी हरवून. उरलेले दोन पराभव, म्हणजे १९८० साली लॅरी होम्सकडून आणि १९८१ साली बहामा बेटांवर ट्रेव्हर बर्बिककडून पत्करावे लागलेले, मात्र परतफेडीच्या पलीकडचे होते. कारण तेथे प्रतिस्पर्ध्याच्या मागे वय उभे होते. म्हणजे पराभवाच्या जाती दोन: एक, ज्यातून माणूस काही शिकून परत येतो, आणि दुसरी, जी त्याला आता थांबावयाचे आहे असे सांगते. या दोन जातींतील भेद वेळीच ओळखणे हे योद्ध्याचे आणि त्याच्या गुरूचे सर्वांत कठीण कर्तव्य होय.

आपल्याकडे असा अभ्यास करावयाचा, तर पुण्याच्या शिवरामदादा तालमीत घडलेल्या अभिजित कटके या मल्लाची कारकीर्द मला विशेष बोधप्रद वाटते. जानेवारी २०१७ मध्ये वारजे येथे झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत तो जळगावच्या विजय चौधरीसमोर उभा राहिला. चौधरीने आधीची दोन वर्षे हा किताब राखला होता. ही कुस्ती जिंकून त्याने सलग तिसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी होण्याच्या नरसिंग यादवच्या पराक्रमाशी बरोबरी केली. त्या संध्याकाळी मैदानाने आणि वृत्तपत्रांनी ज्याचा जयजयकार केला तो विजेता, आणि तो जयजयकार रास्तच होता. पण त्या कुस्तीत आणखी एक मल्ल होता, ज्याला उपविजेता म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २४ डिसेंबर २०१७ रोजी, वारज्यापासून खिंडीपलीकडे असलेल्या भूगावात, तोच उपविजेता पुन्हा अंतिम फेरीत आला. तो गादी विभागातून, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीतून, आला होता. माती विभागातून साताऱ्याचा किरण भगत आला होता. कटकेने ही कुस्ती १०-७ अशी जिंकली. जाणत्याने या आकड्यांवर क्षणभर थांबावे. आजच्या नियमांप्रमाणे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या; पट काढून प्रतिस्पर्ध्यावर ताबा मिळवला तर २ गुण, त्याला रिंगणाबाहेर ढकलले तर १ गुण. अशा सहा मिनिटांत दोघांनी मिळून १७ गुण कमवावेत, याचा अर्थ असा, की दोघांपैकी कोणीही वेळ काढीत राहिला नाही, कोणीही अंग चोरले नाही, आणि ७ गुण मिळवूनही हरलेला मल्ल जिंकणाऱ्याइतकाच कुस्ती करीत होता. वारज्याचा पराभव आणि भूगावचा विजय यांच्यामध्ये एकाच सालचे अकरा महिने आहेत. त्या अकरा महिन्यांत पहाटेचे जोर, बैठका, लढती आणि वस्तादांनी हरलेल्या कुस्तीतून वेचून काढलेल्या उणिवा या सर्वांचा हिशेब झाल्यावाचून भूगावची गदा मिळती ना.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि संपवू नये. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, जालना येथे कटके विद्यमान महाराष्ट्र केसरी म्हणून उतरला आणि अंतिम फेरीत बुलडाण्याकडून लढणाऱ्या बाला रफिक शेखकडून ११-३ असा हरला. हा पराभव वारज्याच्या पराभवाहून निराळ्या प्रकृतीचा. पहिल्या वेळी तो किताब मिळवू पाहणारा होता. या वेळी मिळालेला किताब त्याच्या हातून जात होता. विजेता झालेल्या मल्लाचे डाव साऱ्या राज्याला ठाऊक झालेले असतात, प्रत्येक तालमीत त्याची कुस्ती डोळ्यांत तेल घालून पाहिली जाते, आणि त्याला हरविणे हेच कित्येकांच्या वर्षभराच्या मेहनतीचे लक्ष्य बनते. किताब टिकवणे हे मिळवण्याहून अवघड, असे वस्ताद मंडळी म्हणतात ते याच कारणाने. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे गादी विभागात नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने त्याचा मार्ग रोखला. लागोपाठ दोन स्पर्धांत किताब दुरावला, की ‘याचे दिवस सरले’ असा शेरा मारावयाला लोक उशीर लावीत नाहीत.

तो शेरा खोटा ठरला. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबाद येथे हरियाणाच्या सोमवीरला ५-० असे हरवून अभिजित कटके हिंद केसरी झाला. १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी आणि १९६० साली गणपतराव आंदळकर यांनी जो मान महाराष्ट्रात आणला, तोच हा मान. आता वारजे, भूगाव, जालना, बालेवाडी आणि हैदराबाद ही पाच स्थळे एका ओळीत मांडून पाहावीत. त्यांपैकी केवळ भूगाव आणि हैदराबाद लिहिली, तर एका भाग्यवान मल्लाची यादी तयार होते. पाचही लिहिली, तरच एका माणसाचे चरित्र तयार होते. किताब त्याच्या शेवटच्या कुस्तीचा असतो, पण पैलवान त्याने केलेल्या सर्व कुस्त्यांचा असतो, हे तत्त्व मला येथे सांगावयाचे आहे.

पराभवाचे स्वरूप आपल्या डोळ्यांदेखत पालटले आहे, याचीही दखल येथे घेतली पाहिजे. जत्रेच्या फडात, तांबड्या मातीच्या हौद्यात, निकाल एकच असे: पाठ जमिनीला लागली, की कुस्ती सुटली. हलगीचा कडकडाट, फेटे उडवणारे प्रेक्षक आणि पंच या सर्वांना तो एकाच क्षणी दिसे, आणि म्हणून त्यावर वाद संभवत नसे. जोड तुल्यबळ निघाली आणि अंधार पडू लागला, तर कुस्ती बरोबरीत सोडवीत. त्यात कोणाचीच मानहानी नव्हती. गुणांच्या पद्धतीने न्याय अधिक बारकाईचा झाला, वेळेची शिस्त आली आणि आपल्या मल्लांना जागतिक आखाड्याचे दार उघडले. पण त्याचबरोबर असा एक पराभव जन्मास आला, की ज्यात मल्लाची पाठ एकदाही जमिनीला लागत नाही आणि तरी तो हरतो. अस्मान पाहिलेल्या मल्लाला आपला पराभव अंगाने कळतो. एका गुणाने हरलेल्याला तो पंचांच्या हातातील पाटीवर वाचावा लागतो. अंगाने कळलेले सत्य मन लवकर स्वीकारते, वाचलेल्या सत्याशी मात्र ते हुज्जत घालीत राहते.

ही हुज्जत कोठवर जाऊ शकते, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे महाराष्ट्राने पाहिले. उपान्त्य लढतीत दिलेल्या निर्णयावरून शिवराज राक्षे या माजी विजेत्याने पंचांवर लाथ उगारली, अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड कुस्ती पुरी होण्यापूर्वीच मैदान सोडून गेला, आणि दोघांवरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. त्या दिवशी गदा मिळाली ती पृथ्वीराज मोहोळला, मामासाहेबांच्याच मुठा गावच्या मल्लाला. मुळशीसाठी तो अभिमानाचा दिवस होता. पण विजेत्याच्या नावाआधी वादाची चर्चा झाली, आणि एका तरुणाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय त्या गदारोळात झाकोळला. पंच चुकू शकतात, आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध फिर्याद ऐकण्याची निःपक्ष व जलद तजवीज असणे हा मल्लाचा हक्कच आहे. त्या हक्काची उपेक्षा करणारी व्यवस्था दोषमुक्त नाही. परंतु हरण्याची रीत शिकवणे हेही तालमीचे काम आहे. डाव शिकवणारे वस्ताद पुष्कळ आहेत. हरल्यावर हात कसा मिळवावा, मान खाली न घालता मैदानाबाहेर कसे यावे आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा लंगोट कसा कसावा, हे शिकवणारे आज अधिक हवे आहेत.

या संस्काराचे सर्वांत सुंदर उदाहरण बालेवाडीच्याच मैदानाने दिले. जानेवारी २०२० च्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असे, म्हणजे एका गुणाने, हरवले. दोघेही काका पवार यांच्या तालमीचे, एकाच मातीत घाम गाळलेले. निकाल लागताच विजेत्याने हरलेल्या मित्राला आपल्या खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानात फिरवले. खांद्यावर बसण्याचा मान आपल्या परंपरेने विजेत्याला दिलेला आहे. तो मान त्या तरुणाने आपण होऊन पराजिताला दिला. कुस्ती या विद्येचा मोठेपणा सांगण्यासाठी याहून अधिक बोलके प्रमाण शोधण्याची मला गरज वाटत नाही.

आणखी एक नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होऊ शकत नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. हे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. परंतु त्यांचा त्याआधीचा अध्याय, १९४८ सालच्या लंडन येथील स्पर्धेचा, तितका कोणी सांगत नाही. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर, अपरिचित नियमांखाली लढावे लागले आणि सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्या अपयशाने त्यांना गादीची कुस्ती शिकवली. पुढील चार वर्षे त्यांनी वरच्या वजनगटासाठी अंग कमावले. हेलसिंकीला जाण्यासाठी लागणारी रक्कम उभी करताना त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. लंडनला हरलेल्या माणसावर कोणीतरी आपले घर लावावयास तयार झाला, ही गोष्ट माझ्या मते त्या पदकाइतकीच मोठी आहे. शिवाय त्या पदकाच्या वाटेवरही खाशाबा दोनदा हरले: सुवर्णपदक पटकावणाऱ्या जपानच्या शोहाची इशीईकडून आणि सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोवकडून. म्हणजे आपल्या अभिमानाचे ते आद्य पदकदेखील विजय आणि पराभव या दोन्हींच्या धाग्यांनी विणलेले आहे.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ पराभवाचे गोडवे गाणे असा कोणी काढू नये. हरणे हे दुःखदच असते, आणि पैलवानाच्या बाबतीत ते दुःख केवळ मनाचे नसते. दूध, तूप आणि बदामाच्या खुराकासाठी ज्या घराने शेताचा तुकडा गहाण ठेवला, ज्या बापाने स्वतःची कुस्ती सोडून पोराला तालमीत घातले, त्या घराच्या अंगणात पराभव येतो तेव्हा कर्जाच्या हप्त्यासह येतो. विजेत्याला नोकरी, बक्षीस आणि सत्कार मिळतात; एका गुणाने हरलेल्या मल्लाची मेहनत तसूभरही कमी नसताना त्याच्या वाट्याला या गोष्टी क्वचितच येतात. म्हणून पराभवांचा विचार हा सौजन्याचा विषय तर आहेच, पण न्यायाचाही आहे. ज्या राज्यात कुस्ती हा लोकजीवनाचा भाग आहे, त्या राज्याने उपविजेत्याच्या आणि दुखापतीने मागे पडलेल्या मल्लाच्या उपजीविकेची चिंता वाहिली पाहिजे.

येथून पुढे वाचकाने या पुस्तकातील कुस्त्या वाचताना एक पथ्य पाळावे, अशी विनंती आहे. प्रत्येक विजयाच्या वर्णनापाशी थांबून समोर कोण होता, तो किती गुणांनी हरला आणि पुढे त्याचे काय झाले, हे विचारावे; आणि प्रत्येक पराभवाच्या वर्णनापाशी थांबून त्या मल्लाने पुढची कुस्ती केव्हा धरली, ते पाहावे. तसेच तालमींच्या चालकांनी आणि परिषदेच्या धुरीणांनी एक साधा शिरस्ता पाडावा: महाराष्ट्र केसरीची यादी जेथे जेथे लिहिली जाईल, तेथे विजेत्याच्या नावाशेजारी अंतिम फेरीत हरलेल्या मल्लाचे नाव आणि गुणसंख्या लिहिली जावी. यास खर्च नाही आणि श्रमही फारसे नाहीत. यामुळे विजेत्याचा मान रतिभरही घटणार नाही, उलट वाढेल. कारण किताबाची किंमत गदेच्या चांदीवरून ठरत नाही, समोर उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या योग्यतेवरून ठरते, आणि त्या योग्यतेचा लेखी पुरावा हरलेल्या मल्लाच्या नावावाचून दुसरा कोणताही नाही.